खरा योद्धा कोण? : दापोलीच्या वारशातून एक धम्मपाठ



वर्षावासातील अभ्यासवर्गात एका रविवारी दोन विद्यार्थ्यांनी आम्हांला दोन प्रश्न विचारले. पहिला विद्यार्थी सैन्यभरतीच्या तयारीला लागलेला होता. रोज पहाटे धावण्याचा त्याचा सराव चालू होता. तो म्हणाला, "गुरुजी, मी रोज पंचशील म्हणतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. उद्या मी सैनिक झालो, तर माझे शील मोडेल का?" त्याच्या शेजारी बसलेली बारावीची विद्यार्थिनी लगेच म्हणाली, "आणि तथागतांचा धम्म मैत्रीचा आहे, तर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर अभिमानाने कसे उभे राहतो?"

आम्ही त्या दिवशी चार शब्द सांगून वेळ निभावली. परंतु खरे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते हे मुलांनी ओळखले असावे. प्रश्न टाळला की तो घरी आपल्या मागोमाग येतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या दोन प्रश्नांचा नीट विचार करावा असे आम्ही ठरविले. हा लेख म्हणजे त्या दोघांना दिलेले, उशिराचे का होईना, उत्तर आहे.

१. आपली दापोली आणि सैनिकांची वस्ती

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावाला जुनी माणसे आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी येथे लष्करी ठाणे उभारले. समुद्रापासून जवळ, परंतु उंचावर आणि थंड हवेचे हे ठिकाण गोऱ्या अंमलदारांना मानवले. पुढे १८५७ च्या सुमारास ठाणे उठले, पण सेवानिवृत्त सैनिक येथेच राहिले. त्यांत महार समाजाचे पेन्शनर मोठ्या संख्येने होते. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या पलटणीत भरती होण्याची परंपरा त्या काळी घरोघर होती.

या परंपरेचे सर्वांत मोठे स्मारक म्हणजे भीमा नदीकाठचा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखालील सुमारे आठशे सैनिकांनी दुसऱ्या बाजीरावाच्या फार मोठ्या सैन्याला दिवसभर तोंड दिले. कंपनीच्या त्या तुकडीत निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक होते, तसेच ते पेशव्यांच्या फौजेतही होते. परंतु स्तंभावर कोरलेल्या मृत सैनिकांच्या नावांत शेवटी 'नाक' असलेली बावीस नावे आहेत, आणि ती आपल्या पूर्वजांची आहेत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांची नावे दगडावर कोरली गेली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले ते यासाठीच. तुम्ही जन्माने दुबळे आहात असे सांगणाऱ्यांना त्यांनी हा दगडावरचा पुरावा दाखविला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते सैनिक परक्या सत्तेच्या सैन्यात लढले. त्यांच्या शौर्यावर राज्य मिळाले, ते इंग्रजांना. आणि त्या राज्याने नंतर त्यांच्याशी काय केले? १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करातील भरतीच बंद केली. काही जाती 'लढाऊ' आणि काही 'बिनलढाऊ' असा सिद्धांत तेव्हा इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी काढला होता. म्हणजे कोरेगावचा स्तंभ उभा होता, परंतु ज्यांची नावे त्यावर होती त्यांच्या नातवंडांना सांगण्यात आले की, तुम्ही लढवय्ये नाही! यातून एक धडा मिळतो. ज्याची ओळख केवळ दुसऱ्याने दिलेल्या बंदुकीवर अवलंबून असते, त्याची ओळख दुसरा केव्हाही काढून घेऊ शकतो.

२. बंदूक गेली, लेखणी राहिली

मग दापोलीच्या पेन्शनरांनी काय केले? येथेच आपल्या इतिहासाचे सोनेरी पान सुरू होते.

लष्करात असताना या सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. गावच्या शाळेत जी अक्षरे मिळाली नाहीत ती छावणीत मिळाली. निवृत्त होऊन ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या: महिन्याचे पेन्शन, अंगातली शिस्त आणि अक्षरओळख. पेन्शन होते म्हणून ते गावकीच्या तुकड्यावर अवलंबून नव्हते. शिस्त होती म्हणून त्यांना संघटना बांधता आली. अक्षर होते म्हणून अर्ज लिहिता आले.

महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतील अग्रणी. सैन्यातून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीत राहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून त्यांनी अस्पृश्यतेवर लेख लिहिले. १८८८ मध्ये त्यांचे 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शास्त्री-पंडितांना आणि धर्माधिकाऱ्यांना त्यांनी त्यात प्रश्नांमागून प्रश्न विचारले. त्यांनीच दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. बाबासाहेबांच्या चळवळीपूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे आपल्या गावात हे घडत होते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

१८९० च्या दशकात दापोलीच्या निवृत्त सैनिकांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावे म्हणून अर्ज केले. विरोध झाला. मुलांना वर्गात न बसविता व्हरांड्यात बसविण्याचा तोडगा निघाला. ज्या बापाने पलटणीत खांद्याला खांदा लावून गोळीबार झेलला, त्याचे लेकरू शाळेच्या व्हरांड्यात! तरीही त्या पेन्शनरांनी दगड उचलला नाही, आणि ते गप्पही बसले नाहीत. अर्जामागून अर्ज केले. सरकारी ठराव काय म्हणतो ते दाखवीत राहिले. दगड उचलणे सोपे होते आणि गप्प बसणे त्याहून सोपे होते. त्यांनी तिसरा, अवघड मार्ग धरला.

भरती बंद झाल्यावर गोपाळबाबांनी १८९४ मध्ये सरकारसाठी विनंतिपत्र तयार केले. त्यात आपण मूळचे क्षत्रिय आहोत, दुर्गादेवीच्या भयंकर दुष्काळात जे मिळेल ते खाल्ल्यामुळे आपल्याला बाहेर टाकले गेले, असा दावा होता. त्या काळाचा विचार करता हा दावा समजण्यासारखा आहे. समोरचा जन्म विचारत होता, म्हणून त्यांनीही उत्तरात जन्मच सांगितला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० मध्ये पुन्हा अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. शेवटी बाबासाहेबांच्या सततच्या मागणीनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेबांचे मोठेपण असे की, ते 'आम्हीही क्षत्रिय' या वादात अडकले नाहीत. कोणाला शूर म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार वर्णव्यवस्थेला आहे, हेच त्यांनी नाकारले. शौर्य हा जातीचा गुण नाही. तो मनाचा गुण आहे, आणि म्हणून तो कोणालाही कमावता येतो. याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तमिळ कुटुंबात जन्मले होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताला याहून चोख उत्तर कोणते?

३. सुभेदार रामजी

आपल्या या पेन्शनरांच्या वस्तीत १८९४ च्या सुमारास आणखी एक कुटुंब आले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त होऊन महूहून दापोलीला राहावयास आले. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे काम केले होते. चौदा एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, तेव्हा अगदी लहान होते. त्यांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा दापोलीतच झाला. पुढे कुटुंब साताऱ्याला गेले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

सुभेदार रामजी कबीरपंथी होते, निर्व्यसनी होते. परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांनी मुलाच्या अभ्यासासाठी जे केले ते आपण सर्वांनी ऐकले आहे. स्वतः जागून रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आले की सोडवून देत. १९१३ मध्ये ते गेले. त्यांनी कोणती लढाई जिंकली याची नोंद शोधण्यात आम्हांला रस नाही. पहारा कसा करावा हे ते पलटणीत शिकले होते, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी एका मुलाच्या अभ्यासावर पहारा केला. त्या पहाऱ्याचे फळ म्हणून आज आपण माणूस म्हणून उभे आहोत.

४. महाडची परीक्षा

योद्ध्याची खरी परीक्षा केव्हा होते? शस्त्र हातात नसताना शत्रू समोर आला तर ती कठीण असते. परंतु हात मोकळे असतात, अंगात बळ असते, अन्याय ताजा असतो आणि तरीही हात आवरायचा असतो, तेव्हा ती सर्वांत कठीण असते. अशी परीक्षा २० मार्च १९२७ रोजी महाडला झाली.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. पण ठराव कागदावरच राहिला. त्या दिवशी परिषदेतील लोक शिस्तीने, रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परत आल्यावर गावात अफवा उठली की, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग लाठ्या घेऊन जमाव आला. मांडवात जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांवर हल्ला झाला. माणसे जखमी झाली. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आसरा दिला.

परिषदेला आलेल्यांमध्ये निवृत्त सैनिक होते. कोकणातल्या वाड्यावाड्यांतून आलेले कसलेले गडी होते. त्यांनी बाबासाहेबांना विचारले, आज्ञा द्या. एका शब्दाचाच अवकाश होता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी शांत राहण्यास सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. हल्लेखोरांना न्यायालयात खेचण्यात आले व काहींना शिक्षाही झाली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आता विचार करा, त्या दिवशी भित्रे कोण होते आणि शूर कोण? लाठ्या घेऊन जेवणाऱ्यांवर धावले ते, की मार खाऊन हात आवरला ते? हात आवरणारे दुबळे असते तर त्यांच्या आवरण्याला किंमत नसती. बळ असूनही त्यांनी हात आवरला, म्हणून त्याला किंमत आहे. आणि हात आवरून ते घरी बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला जमले, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी विषमतेचा ग्रंथ मनुस्मृती जाहीरपणे जाळला. क्षमा आणि माघार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाडने शिकविले. समता सैनिक दलाची सुरुवातही त्याच वर्षीची. त्या दलाच्या नावात 'सैनिक' हा शब्द आहे आणि त्याच्या आधी 'समता' आहे, हा क्रम आपण विसरता कामा नये.

५. तथागतांचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तथागत भगवान बुद्ध योद्ध्याविषयी काय म्हणतात?

पहिला दाखला त्यांच्या स्वतःच्या जीवनाचा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग दिला आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. आधी चूक कोणाची याची चौकशी करा, दोन्हीकडची माणसे घेऊन निवाडा करा, असे त्याने सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती येऊ शकते अशी धमकी मिळाली. त्याने कुटुंबाला त्या संकटातून वाचविले, स्वतः देशत्याग पत्करला, परंतु युद्धाला होकार दिला नाही. भरलेल्या सभेत एकट्याने 'नाही' म्हणणे, याला रणांगणापेक्षा कमी धैर्य लागते काय?

दुसरा दाखला संयुत्तनिकायातील. योधाजीव नावाचा, सैनिकांचा एक नायक तथागतांकडे आला. त्याने विचारले, "लढताना मेलेला वीर स्वर्गात जातो असे आमचे जुने आचार्य सांगतात. आपले मत काय?" तथागतांनी दोनदा सांगितले की, हे मला विचारू नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले: समोरची माणसे मरावीत, नष्ट व्हावीत, असा विचार करणारे चित्त आधीच खाली उतरलेले असते, आणि अशा चित्ताची गती चांगली नसते. तो नायक रडू लागला. तथागतांच्या बोलण्यामुळे तो रडला नाही. इतकी वर्षे आचार्यांनी आपली फसवणूक केली, याचे त्याला दुःख झाले. मरा आणि स्वर्ग मिळवा असे सांगून गरिबांच्या पोरांना पुढे ढकलणारे लोक त्या काळीही होते, आजही आहेत. तथागतांनी त्या सैनिकाला खोटे आश्वासन दिले नाही. त्याचा मान राखून त्याला सत्य सांगितले.

तिसरा दाखला याच्या पुढचा, आणि तोही तितकाच महत्त्वाचा. वैशालीचा लिच्छवी सेनापती सिंह तथागतांचा उपासक झाला. तेव्हा तथागतांनी त्याला सेनापतिपद सोडण्याची अट घातली नाही. घाई करू नकोस, पूर्ण विचार करून निर्णय घे, आणि पूर्वी ज्या निगंठांना तू दान देत होतास त्यांचे दान बंद करू नकोस, असे मात्र सांगितले. तसेच मगधाच्या सीमेवर गडबड असताना बिंबिसाराचे काही सैनिक लढाई टाळून भिक्षुसंघात आले, तेव्हा राजसेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तथागतांनी केला. म्हणजे राज्याला संरक्षण लागते हे त्यांनी नाकारले नाही, आणि चीवर हे कर्तव्यातून पळून जाण्याचे ठिकाण होऊ दिले नाही.

या तिन्ही दाखल्यांचा मेळ कसा घालायचा? बाबासाहेबांनी तो घातला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असे ते समजावतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची अनिवार्य गरज यांत त्यांनी फरक केला आहे. इच्छेचे मूळ लोभ, द्वेष आणि मोहात असते. गरज ठरविताना विवेक लागतो, पुरावा लागतो, आणि इतर सर्व मार्ग संपले आहेत ना हे पाहावे लागते.

सम्राट अशोकाचा दाखला तर दगडावरच आहे. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना पकडून नेले, असे त्याने स्वतःच्या तेराव्या शिलालेखात लिहून ठेवले. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचा पश्चात्ताप असा जाहीरपणे कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. त्याने सैन्य मोडले नाही, पण यापुढे खरा विजय तो धम्माचा विजय असे ठरविले. त्याच्या आज्ञालेखांचे तुकडे आपल्या कोकणकिनाऱ्यावर, सोपाऱ्यालाही मिळाले आहेत. चूक कबूल करण्याचे धैर्य हे तलवारीच्या धैर्याहून मोठे असते.

६. माराची सेना

आपल्या तालुक्यात पन्हाळेकाजीला नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत. तेथे अक्षोभ्य बुद्धाच्या मूर्ती आढळतात. अक्षोभ्य म्हणजे जो क्षुब्ध होत नाही, डळमळत नाही. या मूर्तीचा उजवा हात भूमीला स्पर्श करीत असतो. बोधिवृक्षाखाली माराची सेना चालून आली तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षी ठेवले, त्याची ही मुद्रा आहे. हातात शस्त्र नाही, तरीही ही विजयाची मुद्रा आहे.

ही माराची सेना कोणती? सुत्तनिपातात तिची मोजदाद आहे. कामवासना, असमाधान, भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका, ताठरपणा, खोट्या मार्गाने मिळविलेली कीर्ती, आत्मस्तुती आणि परनिंदा. ही यादी मोठ्याने वाचली की शत्रू परगावचा नाही, तो आपल्याच घरात जेवायला बसतो, हे कळते.

येथे आमच्याकडून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत कोणीतरी दगड टाकला. आपली काही मुले लगेच धावली. त्यांतली दोघेतिघे दारू पिऊन आलेली होती, हे आम्हा कार्यकर्त्यांना आधीच ठाऊक होते. जयंतीचा दिवस आहे, कशाला बोला, म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. त्या वेळी वस्तीतील एक वयोवृद्ध पेन्शनर, ज्यांना आम्ही सर्व 'सुभेदारबाबा' म्हणत असू, काठी टेकत रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. तोंड होते आपल्याच मुलांकडे. ते एवढेच म्हणाले, "आधी मला मारा आणि मग पुढे जा." मुले थांबली. दंगल टळली. त्या रात्री घरी येऊन आम्ही विचार केला: आम्ही पन्नास जण होतो, पण योद्धा एकच होता. आम्हांला भीती दगडाची नव्हती, आपल्या माणसांना बोलण्याची होती.

दुसऱ्याच्या वस्तीला आव्हान देणे सोपे असते. आपल्याच मित्राला 'तू आज पिऊन आला आहेस, बाजूला हो' असे सांगणे कठीण असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा पाळणे हीच आपल्या घराघरातील लढाई आहे.

७. वणंदची लेक

योद्धा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. दापोलीजवळच्या वणंद गावची एक मुलगी आठवा. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहात. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. त्या मुलीचे लग्न भीमराव आंबेडकरांशी झाले. पती परदेशी शिकत असताना माता रमाईने मुंबईत गोवऱ्या थापून संसार चालविला. पाच अपत्यांपैकी चार तिच्या डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ रोजी ती गेली तेव्हा तिचे वय चाळिशीलाही पोचले नव्हते. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. ज्या माणसाने देशाचे संविधान घडविले, त्याचे पिछाडीचे ठाणे या बाईने एकटीने सांभाळले. पिछाडी पडली तर कोणतीही आघाडी टिकत नाही, हे प्रत्येक सैनिकाला ठाऊक असते.

८. दोन प्रश्नांची दोन उत्तरे

आता त्या विद्यार्थिनीला उत्तर. होय, कोरेगावला अभिमानाने उभी राहा. परंतु तेथे कोणाच्या पराभवाचा आनंद मानू नकोस. ज्यांना माणूस मानले नाही त्यांच्यातही धैर्य, निष्ठा आणि शिस्त होती, याची साक्ष म्हणून त्या स्तंभाकडे पाहा. आणि तेथून परत येताना दापोलीच्या शाळेचा व्हरांडाही आठव. त्या व्हरांड्याचे स्मारक कोणी बांधलेले नाही. ते तुझ्या पदवीच्या रूपाने उभे राहावयाचे आहे.

आणि भरतीला निघालेल्या त्या मुलाला उत्तर. जा. संविधानाने चालणाऱ्या देशाचे रक्षण करणे ही शीलाची विटंबना नव्हे. पण द्वेष बरोबर घेऊन जाऊ नकोस. निःशस्त्र माणसावर, शरण आलेल्यावर, बाईवर आणि लेकरावर कधी हात टाकू नकोस, मग हुकूम कोणाचाही असो. मेल्यावर स्वर्ग मिळेल म्हणून लढू नकोस. लोक सुखाने जगावेत म्हणून पहारा कर. शस्त्र चालवावे लागले तर त्याचा आनंद मानू नकोस आणि त्याचे ओझे नाकारू नकोस. आणि भरतीत निवड झाली नाही तर खचून घरी बसू नकोस. पलटणीचे दार बंद झाल्यावर ज्यांनी शाळेचे दार ठोठावले, त्यांच्या गावचा तू आहेस.

या सर्व विवेचनातून खऱ्या योद्ध्याची जी लक्षणे आम्हांला दिसली, ती अशी:

१) तो जन्माने ठरत नाही, आचरणाने ठरतो.
२) तो आधी स्वतःच्या भीतीला, क्रोधाला आणि व्यसनाला जिंकतो.
३) त्याच्याजवळ बळ असते आणि ते आवरण्याची शक्तीही असते.
४) तो अन्यायापुढे गप्प बसत नाही, अर्ज, संघटना, न्यायालय आणि सत्याग्रह ही त्याची हत्यारे असतात.
५) तो आपल्या माणसांची चूकही निर्भयपणे दाखवितो, आणि स्वतःची चूक कबूल करतो.
६) तो दुर्बलांच्या बाजूने पहारा देतो आणि त्या पहाऱ्याचे मोल मागत नाही.

सुभेदारबाबा आज हयात नाहीत. त्यांची पदके त्यांच्या घरच्या लोखंडी पेटीत कुठेतरी असतील. त्यांच्या नातीने मात्र परवा अभ्यासवर्गात पहिल्या रांगेत बसून वही उघडली. ती व्हरांड्यात नाही, वर्गात बसली आहे. आपले पूर्वज ज्यासाठी लढले ते हेच.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) दापोलीच्या निवृत्त सैनिकांनी मुलांच्या शाळाप्रवेशासाठी कोणता मार्ग स्वीकारला? त्याला धैर्य का म्हणावे?
२) योधाजीव नायक आणि सिंह सेनापती या दोन प्रसंगांतील तथागतांच्या उत्तरांत विरोध आहे काय? चर्चा करा.
३) क्षमा आणि माघार यांतील फरक महाडच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४) माराच्या सेनेपैकी तुमच्या स्वतःच्या दारात आज कोणता सैनिक उभा आहे? (याचे उत्तर कोणाला दाखवू नये, स्वतःच्या वहीत लिहावे.)

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.